ताप येऊन गेला, पाळी आली नाही: गोळ्यांमुळे की तापामुळे?

पोळा ते दिवाळी हे आमच्याकडे तापाचे दिवस. धानपट्ट्यात रोवणी उरकलेली, वऱ्हाडात सोयाबीन सोंगणीला आलेलं, आणि घरोघरी कोणी ना कोणी अंथरूण धरलेलं. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस, नाहीतर नुसता व्हायरल. पाच दिवसांच्या गोळ्या होतात, एखादी सलाईन लागते, बाई उठते आणि पुन्हा वावरात जाते. पुढे कधीतरी ध्यानात येतं की पाळीची तारीख उलटून गेली. शेजारीण म्हणते, "गोळ्या गरम पडल्या असतीन, येईन आपोआप."

शेजारणीचा हेतू चांगला असतो, पण हिशोब जुळत नाही. पपई, तीळ, गूळ उष्ण म्हणून पाळी लवकर यावी यासाठी खायला सांगतात. मग गोळ्या खरंच गरम पडल्या असत्या, तर पाळी लवकर यायला हवी होती. उष्ण-थंडाचं हे गणित बाजूला ठेवू. नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी पाळी लांबत नाही. आजारानं लांबू शकते, तीही तो महिन्याच्या कोणत्या टप्प्यावर आला त्याप्रमाणे. आणि आजारी होतो म्हणून दिवस गेले नसणार, असं समजणं सगळ्यात महागात पडतं. "गोळ्यांमुळे असेल" म्हणत दोन-तीन महिने काढलेल्या बाया उपकेंद्रात येतात तेव्हा बरेच पर्याय हातातून गेलेले असतात. म्हणून खालच्या क्रमानं तपासत चला.

आधी तारीख पक्की करा

मागची पाळी सुरू झाली तो पहिला दिवस शोधा. संपली तो दिवस नाही, डोक्यावरून न्हाल्या तो दिवसही नाही. लाल स्राव सुरू झाला तो दिवस. कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहिता तशी तिथंच खूण करायची सवय लावली तर पुढे फार उपयोग होतो. लिहिलेलं नसेल तर सणावरून आठवा. पोळ्याला आली होती का, तान्ह्या पोळ्याला? महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला होतात की बाहेर बसल्या होतात? बहुतेक बायांना हे तारखेपेक्षा पक्कं आठवतं.

मग तुमचं चक्र किती दिवसांचं ते बघा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजायचे. २१ ते ३५ दिवस हे सगळं ठीकच. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतही जातं. चार-पाच दिवस मागेपुढे होणं हा उशीर नव्हे. तुमच्या नेहमीच्या तारखेपासून आठवडा उलटला की उशीर म्हणा.

ताप त्या तारखांत कुठे बसतो?

सगळा उलगडा इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू.

पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी अंडाशयातून बीज बाहेर पडतं. बीज बाहेर पडायचा हुकूम मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग हार्मोनच्या साखळीतून अंडाशयाला निरोप देतो. जोराचा ताप, आठ-दहा दिवस अन्नावरून उडालेली वासना, रात्र-रात्र झोप नाही, झपाट्यानं उतरलेलं वजन, मनाचा घोर, हे सगळं शरीराला कळतं आणि निरोप लांबणीवर पडतो. पाऊस लांबला की पेरणी पुढे ढकलतात, तसंच. पेरणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. पण एकदा पेरलं की पीक आपल्या दिवसांनीच येतं. बीज बाहेर पडल्यावर पाळी यायला १२ ते १४ दिवस लागतात आणि त्या काळात ताप आला तरी ते दिवस फारसे वाढत नाहीत.

म्हणजे प्रश्न एवढाच: ताप बीज सुटायच्या आधी होता की नंतर?

उदाहरण घ्या. पोळ्याला पाळी आली, चक्र तीस दिवसांचं. पुढची पाळी घटस्थापनेच्या आसपास अपेक्षित. (मध्ये अधिक महिना आला असेल त्या वर्षी हा हिशोब चालणार नाही, तेव्हा तारखेनंच मोजा.) घटस्थापनेतून १४ दिवस मागे गेलं की अनंत चतुर्दशी-पौर्णिमा येते. बीज सुटायचे दिवस ते. आता महालक्ष्म्यांच्या सुमारास जोराचा ताप भरला आणि आठवडाभर पडून राहावं लागलं, तर बीज सुटणं लांबलं असण्याची चांगलीच शक्यता आहे. पाळी दसऱ्याला किंवा त्याही पुढे जाऊ शकते. पण ताप पितृपक्षात आला असेल, तर बीज आधीच सुटून गेलेलं होतं. अशा वेळी घटस्थापनेला पाळी आली नाही तर तापाकडे बोट दाखवू नका, थेट गर्भाची तपासणी करा.

चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज साधारण २१व्या दिवशी सुटतं, २६ दिवसांचं असेल तर १२व्या दिवशी. सूत्र एकच: पुढच्या अपेक्षित तारखेतून १४ वजा करा.

ताप जितके दिवस तितकाच उशीर, असं मात्र नाही. तीन दिवसांच्या तापानं दहा दिवस उशीर होऊ शकतो आणि पंधरा दिवसांच्या टायफॉइडनंतरही पाळी तारखेला येऊ शकते. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. मग पाळी उशिरा आणि जास्त जाते, किंवा नुसते डाग दिसतात. साध्या सर्दी-पडशानं, एक दिवसाच्या कणकणीनं यातलं सहसा काही होत नाही.

आजाराबरोबर महिनाभर काय चाललं होतं तेही हिशोबात घ्या. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पुढे रोवणी, मग कापूस वेचणी. पहाटे निघायचं, शिळी भाकर खाऊन दिवस काढायचा, त्यात नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास. नुसत्या तापानं पुढे गेली नसती ती पाळी या सगळ्यानं मिळून पुढे जाते. अशक्त बाईच्या बाबतीत हे जास्त.

आता पट्ट्या बाहेर काढा

घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचं बिल, सगळं एका जागी ठेवा. पट्टीवर लाल उभी रेघ असली म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध, पण ते अँटिबायोटिकच असेल असं नाही. नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा.

अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडॅझोल: यांतलं काही असेल तर पाळीच्या उशिराचा दोष त्याच्यावर टाकू नका. अँटिबायोटिकनंतर अंगावरून पांढरं जाऊन खाज सुटते, ते बुरशीमुळे. त्याचा इलाज वेगळा, पाळीशी त्याचा संबंध नाही.

मग कशावर संशय घ्यायचा?

अँटिबायोटिकबरोबर "अ‍ॅसिडिटीची" म्हणून जी कॅप्सूल देतात तिच्यावर. तिच्यात पुष्कळदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. या औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, म्हणजे बाळाला पाजताना वाढतं तेच. चार-पाच दिवस घेतल्यानं सहसा काही बिघडत नाही. पण पोटात गॅस होतो म्हणून महिनोन्‌महिने तीच कॅप्सूल चालू असेल, तर पाळी लांबू शकते. अंगावर पिणारं बाळ नसताना छातीतून दूध येत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. माझ्या मते गावात अँटिबायोटिकला जो दोष लागतो त्यातला बराच या कॅप्सूलचा असावा, पण तिला कोणी औषध समजतच नाही.

दुसरा संशय ताप झटक्यात उतरवणाऱ्या सुईवर. गावात येऊन सुई टोचून जाणाऱ्याकडे कागद नसतो, आणि त्या सुईत स्टेरॉइड आहे का हे कळायला मार्ग नसतो. स्टेरॉइडनं पाळी मागेपुढे होते. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी जास्त दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे लागू.

तिसरी गोळी बाया सांगायलाच विसरतात: महालक्ष्म्या, लग्न किंवा तीर्थयात्रेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेली नॉरएथिस्टेरॉन. ही बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्याभरात पाळी येते. त्यानंतरही आली नाही तर तपासणी करा. या गोळीनं गर्भ राहणं थांबत नाही.

गर्भनिरोधक साधनांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. अंतरा इंजेक्शन घेतलं असेल तर पाळी अनियमित होणं, पुढे महिनोन्‌महिने न येणं हे अपेक्षितच आहे. शेवटच्या इंजेक्शननंतरही घडी बसायला बरेच महिने जातात. छाया गोळीनं काही बायांची पाळी लांबते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर गर्भ नाही याची खात्री करा. ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी घेतली असेल तर पाळी आठवडाभर मागेपुढे होते, त्याहून जास्त झालं की तपासणी. माला-एन घेणाऱ्या बाईची पाळी पाकिटाच्या हिशोबानं, लोहाच्या सात गोळ्यांच्या दिवसांत येते. तापाचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं धरा आणि दुसरी घ्या. दिवसभर जोराची हगवण लागली असेल तर तो दिवस गोळी चुकल्यासारखाच. आजारपणात माला-एनचा भरवसा कमी होतो तो या वाटेनं.

अँटिबायोटिकच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि विदर्भात तो वारंवार भेटतो: रिफॅम्पिसिन. टीबीच्या रोजच्या गोळ्यांत ते असतं. कुष्ठरोगाच्या एमडीटी पाकिटातही महिन्यातून एकदा असतं. लघवी नारिंगी-लाल होते ती याच औषधामुळे, घाबरायचं कारण नाही. पण या औषधामुळे यकृत गर्भनिरोधक हार्मोन भराभर मोडून टाकतं, त्यामुळे माला-एन आणि तातडीच्या गोळ्या निकामी ठरू शकतात. मधेच डाग जातात आणि नको असताना दिवसही जातात. औषध संपल्यावरही महिनाभर हा परिणाम राहतो. टीबीचं औषध चालू असताना निरोध वापरा किंवा अंतरा, तांबीबद्दल डॉक्टरांना विचारा. अपस्माराच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन या गोळ्यांचंही असंच.

टीबीच्या आजारानंही पाळी कमी होते किंवा थांबते. वजन उतरल्यानं होते, आणि गर्भाशयाचा टीबी असेल तर त्यानंही. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन आणि येईनाशी झालेली पाळी एकत्र दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) टीबीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. टीबीच्या गोळ्या मात्र पाळीसाठी म्हणून मधेच कधीही सोडू नका.

निश्चय किट कसं वापरायचं

वरचा हिशोब काहीही सांगत असो, संबंध आले असतील तर ही तपासणी टाळू नका. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईनंही करावी. क्वचित का होईना, ऑपरेशननंतरही दिवस जातात.

लघवीवरून गर्भ तपासायचं निश्चय किट आशाताईकडे मोफत मिळतं. आशाताई गावातलीच, म्हणून संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या मेडिकलमधून दुसऱ्या नावाचं किट विकत घ्या, काम तेच करतं. भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत बाई कुरमाघरात (पाळीच्या दिवसांत बायांनी वेगळं राहायच्या झोपडीत) गेली नाही की पाळी चुकली हे सगळ्यांना आपोआप कळतं, आणि बाहेर बसायची चाल असलेल्या घरांतही सासू सगळ्यांच्या आधी दिवस मोजते. अशा ठिकाणी गुपचूप तपासून घेण्याची सोय हातात असलेली बरी.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. किटमधल्या ड्रॉपरनं गोल खळग्यात दोन-तीन थेंब टाका. पाच मिनिटं थांबा. दोन रेघा आल्या तर गर्भ आहे, दुसरी फिकट असली तरी. नियंत्रणाची (C अक्षराजवळची) एकच रेघ आली तर आज तरी दिसत नाही. ती रेघही आली नाही तर किट खराब, दुसरं घ्या. अर्ध्या तासानं पुन्हा बघून अर्थ लावू नका.

ताप किंवा अँटिबायोटिकमुळे किटचं उत्तर चुकत नाही. चुकतं ते घाईमुळे. तापानं बीज सुटणं दहा दिवस लांबलं असेल, तर गर्भही दहा दिवस उशिरा राहिलेला असतो आणि अपेक्षित तारखेनंतर लगेच केलेल्या तपासणीत तो दिसत नाही. म्हणून एक रेघ आली की सात दिवसांनी पुन्हा करा. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाल्यावरही एकच रेघ असेल, तर त्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दोन रेघा आल्या तर

"तापाच्या एवढ्या गोळ्या खाल्ल्या, आता बाळ व्यंगाचं होईन" या भीतीनं मेडिकलमधून खाली करायच्या गोळ्या आणणं, ही सगळ्यात धोक्याची वाट. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम, अझिथ्रोमायसिन डॉक्टर गरोदर बाईलाही देतात. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन गरोदरपणात टाळतात, पण नकळत थोडे दिवस घेतलं म्हणून गर्भ पाडायला हवा असं नाही. पट्ट्या घेऊन डॉक्टरांना दाखवा. मलेरियाची १४ दिवसांची प्रायमाक्विन, सिकलसेलसाठीची हायड्रॉक्सीयुरिया, फिट्सच्या गोळ्या यांपैकी काही चालू असेल तर त्याच दिवशी जाऊन सांगा. फिट्सच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

गर्भ नको असेल तरी रस्ता दवाखान्यातूनच जातो. १९७१च्या कायद्यानं गर्भपात कायदेशीर आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करतात, म्हणूनच वाट बघत बसण्यात तोटा आहे.

एकच रेघ, तरी पाळी नाही

दोनदा तपासून गर्भ नाही असं ठरलं आणि तब्येत सुधारते आहे, तर आणखी दोन-तीन आठवडे वाट पाहायला हरकत नाही. या दिवसांत पाळी आणायचे काढे नकोत, मेडिकलवाल्याच्या अंदाजानं घेतलेल्या "पाळी आणायच्या गोळ्या"ही नकोत. भात-वरण, भाकर, ज्वारीच्या कण्या, अंडी, शेंगदाणे, हिरवी भाजी, जे घरात आहे ते पोटभर खा. आजारातून उठलेल्या बाईला सगळ्यांच्या शेवटी उरलेलं मिळतं, हे घरातल्या बाकीच्यांनीही जरा बघावं.

तीन महिने पाळी नाही, किंवा दर महिन्यालाच गडबड, तर पीएचसी किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. थायरॉइड, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, रक्त कमी असणं, वजन फार कमी किंवा फार जास्त असणं, चाळिशी उलटल्यावर पाळी जायला आलेली असणं, यांतलं काहीही निघू शकतं. सोनोग्राफी लागली तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या महिला रुग्णालयात पाठवतात. नागपूरच्या बाजूला डागा रुग्णालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचं रुग्णालय. जाताना तारखा लिहिलेला कागद, सगळ्या पट्ट्या आणि आधीचे रक्ताचे रिपोर्ट पिशवीत टाका. सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही. मुलगी १५ वर्षांची होऊन पाळी सुरूच झाली नसेल तरी दाखवा. सिकलसेल असलेल्या मुलींना ती उशिरा येते, तरीही दाखवा.

आणि वाट न बघता १०८ला फोन करायची वेळ ओळखा. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, घेरी येते, खांद्याच्या टोकाला दुखतं: गर्भ नळीत राहून नळी फुटली असू शकते. यात जीव जातो. किटवर रेघ फिकट होती का गडद, याचा विचार करत बसू नका.

उशिरा आलेली पाळी

तापानंतरची पहिली पाळी कधी जास्त जाते, कधी दोन दिवसांतच आटपते. दोन्ही चालतं. पण तासाला एक पॅड भिजतो आहे आणि असं दोन तासांहून जास्त चाललं, तर दवाखाना गाठा. डेंग्यूचा ताप चालू असताना किंवा नुकताच उतरलेला असताना पाळी आली आणि रक्त जास्त जात असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर लाल पुरळ असेल, तर एवढीही वाट बघू नका, प्लेटलेट तपासायला जा. डेंग्यूचा संशय असताना पोटदुखीसाठी ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकची सुई घेऊ नका. पॅरासिटामॉल चालते.

पाळी आली तो दिवस कालनिर्णयावर खूण करा आणि पुढचं चक्र तिथूनच मोजा. महालक्ष्म्यांत ताप येऊन पाळी दसऱ्याला आली, तर पुढची तीस दिवसांनी दसऱ्यापासूनच येणार, घटस्थापनेपासून नाही. बऱ्याच बाया जुनीच तारीख धरून बसतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा "उशीर झाला" म्हणून घाबरतात.